तवा कुणी बाहेर ठेवला

ऑक्टोबरात आम्ही लॉक्सा नदीच्या काठी तळ टाकतो,
मी आणि माझी बहीण वर्ला.
हे एकेचाळिसावं वर्ष.
बाकीचे एल्कच्या मागे डोंगर चढून जातात,
आमचे गुडघे आता चुलीपुरतेच उरलेत.

तिनं ट्रकमधून पोतं काढलं,
पोत्यातून आईचा बिडाचा तवा,
नि मी बघतच राहिलो.
काठापासून दांड्यापर्यंत गंज,
बोट फिरवलं तर बोट विटेसारखं.
उन्हाळाभर अंगणात पडून असणार,
आल्या-गेल्या सरी झेलत.

ही तीच वर्ला,
पाहुण्यांच्या हातून साबण हिसकावून घेणारी.
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली होती,
माझ्याशी हवं तेवढं भांड,
पण तव्यात पाणी ठेवून झोपू नकोस.

"अरे, हा कुणी बाहेर ठेवला?"
खरंच विचारत होती ती.

"मी," मी म्हणालो.

"गाढवा," ती म्हणाली,
आणि बाह्या सरसावल्या.

नदीतली जाडी वाळू आणली,
वर मूठभर मीठ, गोणपाटाचा बोळा.
"दांड्याच्या बुडाशी घास, तिथं चिवट असतो.
नुसतं कुरवाळतोस काय!"
पाणी आधी चहासारखं गेलं, मग राखेसारखं.
सगळं आठवत होतं तिला.
मासे साफ केलेस का,
हे मात्र तिनं तीनदा विचारलं.

टॅमरॅकची लाकडं पेटवली, ज्वाळा बसू दिल्या.
बिडाला ज्वाळ सोसत नाही, निखारा लागतो.
तवा कोरडाच तापवला, ओल पार मरेस्तोवर,
मग डुकराची चरबी, नखाएवढी.
"चोळ. आता पूस सगळी.
लावलीच नव्हती अशी पूस."
हे मला जन्मात जमलं नाही,
माझा हात सढळ, माझा तवा चिकट.
तिनं फडकं माझ्याकडून काढून घेतलं.
डोळे नदीपलीकडे कुठंतरी,
हात आपला फिरतोय,
काठाच्या आतून, काठाच्या बाहेरून, दांड्याच्या भोकातून.

चारदा तापवला, चारदा पुसला.
काळा झाला, पण पूर्वीचा काळा नव्हे.
पूर्वी त्यात कंदील दिसायचा.

काठाला केसाएवढी एक चीर आहे.
मी नऊ वर्षांचा होतो,
आई लाकूडतोड्यांच्या तळावर तीस माणसांचं रांधायची.
तापलेल्या तव्यात मी ओढ्याचं गार पाणी ओतलं,
गंमत म्हणून, चुर्रर्र ऐकायला.
चुर्रर्रच्या आत एक टण् ऐकू आलं.
आई धावत आली. "कुणी?"
वर्ला म्हणाली, "मी."
मग आई कितीतरी वेळ
मडकं वाजवून घ्यावं तसा तो तवा वाजवत बसली,
आणि वर्ला आठवडाभर तीस माणसांची ताटं घासत.
यावर आम्ही पुढं कधी बोललो नाही.
तिला आता आठवत असेल का, कोण जाणे.

ट्राउट मक्याच्या पिठात घोळवून सोडला.
पहिला चिकटला,
साल तव्याला, मांस उलथन्यावर.
तो आम्ही खरवडून तसाच खाल्ला, उभ्याउभ्या.
दुसराही फाटला.
तिसऱ्याला मी हात घालणार, तर तिनं मनगट धरलं.
"ओढायचं नाही. सुटायचा तेव्हा सुटतो."
सुटला.

जेवणं झाली. गरम पाणी, काथ्याचा घासणा,
पुन्हा निखाऱ्यावर, पुन्हा चरबीचा पुसट हात.
मग ती तवा घेऊन गवताकडे निघाली,
दवात पालथा घालायला,
नि मधेच थांबली,
आपण कशाला निघालो होतो ते शोधत.
मी तिच्या हातून तो घेतला.
अजून कोमट होता.
अस्वलाला चरबीचा वास लांबून लागतो,
म्हणून ट्रकमध्ये नेला, सीटखाली सारला.

तंबूतून हाक आली,
"आर्लो, तवा आत घेतलास का?"
"घेतला."

थोड्या वेळानं पुन्हा,
"आर्लो, तवा—"
"घेतलाय गं."