शेरा

एकतीस वर्षं दिवाडीच्या फेरीबोटीवर मी लॉगबुक लिहिलं.
वेळ, पाणी, वारा, शेरा.
बहुतेक दिवशी शेऱ्यात एकच शब्द: निरंक.
निवृत्त झालो तेव्हा एक कोरी वही घरी आली,
तांबड्या कण्याची, सरकारी.
तिच्यात आता वेगळे रकाने आहेत.
वेळ, गोळी, शी, ओकारी, शेरा.

कुत्रा शेजारच्या एर्मेलिंदाचा.
ती लेकीकडे लिस्बनला गेली, तीन महिन्यांसाठी म्हणून.
तिसरं वर्ष चाललंय.
नाव तोस्तांव. जुन्या काळचं चिल्लर नाणं.
हाही तसाच, काखेत मावणारा,
केस काढले तर उरतील फक्त डोळे.

वजन करतो रुक्माच्या तराजूत.
एका पारड्यात लोखंड, दुसऱ्यात हा,
खाली टोपलीभर बांगडे.
तो हलत नाही. नुसती लाळ गळते.
चार किलो दोनशे होता, आता साडेतीन.
"मास्तर, हाचो दर कितें लावूं?" रुक्मा विचारते,
आणि मग तिलाच वाईट वाटतं.

पणजीला डॉक्टर ग्रासियस, वयानं माझ्या धाकटीएवढी.
पोटावर बोटं ठेवून बराच वेळ गप्प बसते,
आम्ही इंजिनावर हात ठेवून बसायचो तशी.
आतड्यांना सूज आहे, म्हणाली. का, ते कळत नाही.
"बरा होणार नाही. बरा राहील."
परतताना बोट नदीच्या मध्यावर आली
तरी मी त्या दोन वाक्यांमधलं अंतरच मोजत होतो.

मऊ पेज, भोपळा, कोंबडीचा उकडलेला तुकडा.
मीठ नाही, हळद नाही.
आमच्या घरात खोबरं न लागलेलं हे पहिलंच भांडं.
गोळी सकाळी अर्धी, पुढे चतकोर,
पुढे दिवसाआड चतकोर.
ब्लेडनं कापताना एक कण उडतो,
मग मी आणि शशिकला, दोघंही साठी उलटलेले,
गुडघे टेकून फरशीवर शोधत बसतो.
तोस्तांव बघतो. ह्यांचं काय हरवलं?

पदेराला सांगून ठेवलंय, पाव टाकू नको.
तो आता आमच्या दाराशी भोंपूच वाजवत नाही,
वडाच्या वळणावर गेला की वाजवतो.
तोस्तांवचे कान तिथवर जाऊन येतात.

अकरा आठवडे निरंक.
मग एका संध्याकाळी, बोटीच्या कठड्याशी,
माझ्याच हातून पोयेचा एक तुकडा. नखाएवढा.
त्यानं मागितला नव्हता.
मलाच त्याचं शेपूट हलताना बघायचं होतं.

रात्री तीनला अंगण, टॉर्च,
थरथरणारे चार पाय, रक्ताचा एक धागा.
वहीत मी लिहिलं: कारण अज्ञात.

एकदा ओहोटीला बोट रेतीत रुतवली होती मी,
साठ माणसं, एक वरात.
तेव्हाही लिहिलं होतं, चूक मास्तरची.

सकाळी वही उघडली तर खाली शशिकलाचं अक्षर:
पाव. तुमच्या खिशात चुरा होता.
मला ती काहीच बोलली नाही.
सदरा मात्र धुऊन वाळत घातला होता,
खिसा उलटा करून.

पुन्हा अर्धी. पुन्हा चतकोर.
डॉक्टर रागावली नाही, हे जास्त लागलं.

आज एकविसावा दिवस.
पेज संपवून तो भांडं चाटत चाटत
भिंतीपर्यंत ढकलत नेतो, तिथेही थांबत नाही.
धक्क्यावर रॅम्प आपटल्याचा आवाज. शेवटची फेरी.
वजन तीन सातशे. शी घट्ट. ओकारी नाही.
शेऱ्याचा रकाना मी मोकळा ठेवतो.
रात्र अजून जायची आहे.