बिनपगारी कारभारी

दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
गच्चीच्या दाराशी माझं टेबल.
दिवसा वीज मंडळात बिलांचे वाद ऐकतो,
रात्री अकरानंतर एका मराठी कळफलकाचा कारभारी.
पगार नाही, नेमणूक नाही.
ज्यानं तो पहिल्यांदा लिहिला त्या प्रभंजनला मुलगी झाली,
नऊ वर्षांपूर्वी त्यानं किल्ली माझ्याकडे टाकली:
तू जागा असतोस ना, मग तूच.
एवढीच काय ती सनद.

वाद झाला तो र वरून.
पापणीसारखा वळलेला र,
वाऱ्यातला, पायऱ्यांतला, कारभाऱ्यातला.
लोक घाईत साधा र दाबतात
आणि वाऱ्याचा होतो वार्या.
तंजावरचा सेतुमाधव म्हणाला,
यंत्रानंच ओळखावं की,
माणसाला किती कळा दाबायला लावणार?
मी म्हटलं, मग सूर्याचं काय करू?
आणि आचार्यांना बसवू आचाऱ्यांच्या पंगतीला?

मतं घेतली. अकरा विरुद्ध चार.
अकरांतल्या आठांनी आजवर एक ओळ लिहिली नव्हती.
चारांतला एक मी, उरलेले तिघे
माझ्याशी भांडण नको म्हणून.
रात्री दोनला नकार टाकला, एका वाक्यात:
जो राबतो, तो ठरवतो.
लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सेतुमाधव भांडला नाही.
मग मी फाटा काढतो, म्हणाला.
तो हक्क सगळ्यांनाच आहे, परवान्यातच लिहिलंय,
ते कलम मराठीत मीच आणलं होतं, कौतुकानं.

पुढे चुका कळवणारेही थांबले.
मला वाटलं, चला, सुरळीत झालं.
मंडळात तक्रारी बंद पडल्या
तर आम्ही आधी फोनची तार तपासतो.

परवा न्यायमंदिराजवळ, शेव-उसळीच्या गाडीवर,
खालच्या मजल्यावरची राजसी म्हणाली,
काका, मी तर त्या फाट्यावरचं वापरते.
तिकडे अपवादांची यादी आहे ने,
बसून केलीय त्यांनी.
रस्सा तिखट होता. मी पाणी मागितलं.

घरी येऊन यादी उघडली.
सूर्य जागच्या जागी, आचार्यही,
एकशे बेचाळीस शब्द,
प्रत्येकापुढे करणाऱ्याचं नाव.
त्या आठांतली सहा नावं.
मी त्यांना मत मागितलं होतं,
काम कधी मागितलं नव्हतं.

मग पत्र लिहायला घेतलं.
किल्ली आता दुसऱ्या कोणाच्या,
इथवर आलो
आणि माझ्याच कळफलकावर उमटलं: दुसर्या.
खोडलं. चार कळा दाबून र वळवला.

पत्र अजून इथंच आहे.
किल्ली तिघांकडे द्यावी की पाचांकडे,
आणि ते पाच निवडणार कोण?
पुन्हा मीच?
सेतुमाधवला विचारावं म्हणतो.
तो रात्री जागा असतो का,
तेही मला ठाऊक नाही.