तीस सेकंद

हात छातीशी, आप्पा. खुर्चीला धरायचं नाही.
मी मोबाइलवर तीस सेकंद लावते,
आणि धानोरीतल्या या दहा बाय बाराच्या खोलीत
घाटात गाडा सोडण्याआधीचे बैल जसे
तसे तुम्ही समोर बघत राहता.

एक.

दिवसभर मी पाषाणला अंधाऱ्या खोलीत असते.
अनोळखी म्हाताऱ्यांच्या मांडीतला कणीएवढा तुकडा
चिरून, रंगवून, हजारो पटींनी मोठा करून बघते.
शाळेत यायची आकृती पाच मार्कांना :
तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र,
शेंगदाण्यासारखी, आत नागमोडी घड्या.
तशा सुट्या त्या नसतातच फारशा.
तरण्या स्नायूत त्यांचं जाळं असतं,
एकमेकींत मिसळतात, तुटतात, परत जुळतात,
भिशीतल्या बायका एकीचं अडलं की
दुसरी पुढे होते, तसं काहीतरी.
म्हाताऱ्या स्नायूत त्या एकेकट्या. फुगलेल्या.
घड्या विस्कटलेल्या. धूर जास्त, उजेड कमी.
आणि मोडक्या उचलून नेणारी आतली घंटागाडी
येते तेव्हा येते.

दोन. तीन.

उजवा गुडघा वाजतो तुमचा.

खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर.
पहिल्या पाळीला सायकल, होळकर पूल अंधारात,
पायडल मारलं तरच लागणारा डायनमोचा दिवा.
तसलाच डायनमो प्रत्येक तंतुकणिकेत असतो,
एक नाही, हजारो, आणि खरोखर गरगर फिरतात,
हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत,
"ऑइल कोण घालतं?"
मला उत्तर आलं नाही.

चार.

आता दुधाची पिशवी दातांनी फाडता.
लोणच्याची बरणी काही न बोलता माझ्याकडे सरकवता.
मांडीवर हात ठेवला तर हाताला पायजमाच लागतो.

पाच. दम घ्या. नाही? बरं. सहा.

एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही.
या कणिका येतात त्या फक्त आईकडून.
तुमच्यातल्या सगळ्या सखूआजीच्या,
वीटभट्टीवर बारा-बारा विटा डोक्यावर घेणारीच्या.
त्या तुमच्यापाशी संपणार.
माझ्यात तुमची एकही नाही.
नाक तुमचं, चिडणं तुमचं, पोळीवर गूळ घेण्याची खोड तुमची,
पण मी जिना चढते ते आईच्या जाळावर,
जी तुमच्याशी सहा-सहा महिने बोलत नसे.
सांगून तरी काय होणार होतं?

सात.

आमच्याकडे नमुना क्रमांक एक्केचाळीस आहे.
एकोणऐंशी वर्षांच्या बाई, रोज पर्वती चढतात म्हणे.
त्यांचं जाळं बघून सगळे स्क्रीनपाशी जमलो,
कोणीतरी चहा सुद्धा मागवला.
नव्या होतात त्या, या वयातही होतात,
फक्त मागितल्याशिवाय होत नाहीत.
पेशीला कळावं लागतं
की कुणाला तरी उठायचंय.

बेचाळीस नंबरचे गृहस्थही रोज चढायचे.
त्यांच्यात काही शिल्लक नव्हतं.
ते का, हे आम्हाला अजून माहीत नाही.

आठ.
नऊ.

आणि मोबाइल वाजला तेव्हा
तुम्ही ना बसलेले, ना उभे,
हात अजून छातीशी, पाय थरथरताहेत.
"दहा," तुम्ही म्हणालात, आणि मग खाली बसलात.

नियमात आहे तसं : वेळ संपताना
निम्म्याच्या वर उठलेलं असेल तर धरायचं.
तुम्ही निम्म्याच्या वर होतात की खाली
ते मी नीट बघितलं नाही.
मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते.

वहीत दहा लिहिते.
पेन्सिलीनं.