जिरावण

बेटावर उतरलो तेव्हा कस्टमच्या माणसानं
पिशवीतली पुडी उचलली, वास घेतला, शिंकला.
मी म्हटलं, जिरावण. इंदूरचं. पोह्यांवर घालतात.
त्याला पोहे कळले नाहीत, इंदूर कळलं नाही,
शिंक कळली.
हसून जाऊ दिलं.

आम्ही दोघी. मी आणि सिंधूवन्सं,
ज्यांनी बासष्ट वर्षांत पाणी पाहिलं ते
पिपल्यापाल्याचं, यशवंतसागरचं,
आणि एक दिवसाआड नळाला येणारं नर्मदेचं.
समुद्रासमोर त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या,
"एवढं? आणि यातलं प्यायचं नाही?"
तरी वाकून बोट बुडवलंच, चाखलं,
पदराला पुसलं.

लाट इथं किनाऱ्यापर्यंत येतच नाही.
लांब, प्रवाळाच्या भिंतीवर फुटते,
तिथंच पांढरी होते.
आवाज मात्र रात्रभर उशाशी.

सात रंगांची माती पाहिली, दोरीच्या अलीकडून.
पाऊस पडला तरी रंग मिसळत नाहीत, विशाम म्हणाला.
"त्यांना म्हणावं, रंगपंचमीला राजवाड्यावर गेरीत या,"
वन्सं म्हणाल्या, "मग बघू."
पुढं एका गावात दोरीवर ऑक्टोपस वाळत होते.
वन्संचा चष्मा गाडीत राहिलेला.
"कुणाचे गं एवढे मोजे?"

विशाम राघू. आमचा ड्रायव्हर.
आडनाव राघू कसं?
जहाजावर कारकुनानं पणजोबांना बापाचं नाव विचारलं,
तेच वहीत राहिलं.
"म्हणजे मूळचे कोण तुम्ही?"
वन्संना उत्तर मिळाल्याशिवाय जेवण जात नाही.
त्यानं गिअर बदलला.
"राघूचे," म्हणाला.

उसात मध्येच काळ्या दगडांचे ढीग,
दोन पुरुष उंच, नीट रचलेले.
शेत मोकळं करायला हातांनी वेचलेत, तो म्हणाला.
कुणी, ते आम्ही विचारलं नाही.

त्याच्या आईनं दालपुरी वाढली,
वाटाण्याच्या डाळीची, वर घेवड्याचं कालवण.
पुरणपोळीच ती,
फक्त गूळ वाटेत समुद्रात पडलेला.
तिचं मराठी आरतीतलं. "बसा" येतं, "खावा" येतं,
त्यानंतर एकदम "संकटी पावावे".
मधलं सगळं क्रिओलमध्ये.
मी म्हटलं, आमचंही असंच,
आम्ही "काय करून राहिलात" विचारतो,
पुण्याचे नातेवाईक हसतात.
तिला किती कळलं कोण जाणे. आणखी एक पुरी वाढली.

मग अननस आला, मळसूत्रासारखा कापलेला,
चिंच-मिरचीच्या पाण्यात बुडवलेला.
मी पुडी उघडली.
चिमूटभर भुरभुरवलं.
ती एक फोड खाऊन थांबली, दुसरी खाल्ली.
"यात काय?"

आणि मला सांगता येईना.
जिरं, धणे, बडीशेप, काळं मीठ, हिंग,
आमचूर असावं, लवंग असेलच...
घरी कोण करतं? दुकानातून आणतो.
शेवटी म्हटलं, सगळं थोडं थोडं.
ती मान हलवत राहिली,
जणू हे उत्तर तिच्या ओळखीचं होतं.
पुडी तिथंच ठेवून आलो.

पौषात विशामचा निरोप आला: संपलं.
जीपीओत पार्सलचा फॉर्म. वस्तू: मसाला.
किंमत: ऐंशी रुपये.
पाठवणाऱ्याच्या आडनावासमोर
वन्संनी वडिलांचं नाव लिहिलं, दिनकर.
"माताजी, सरनेम," कारकून म्हणाला.
"वही है," म्हणाल्या, आणि पेन परत दिलं.

त्या रात्री सराफ्यात गराडू खाल्ले.
वन्संनी जिरावण दोनदा मागून घेतलं,
खाता खाता ओळखायचा प्रयत्न करत होत्या,
"सुंठ आहे. नाही, सुंठ नाही."

बाकी काही बदललं नाही.
फक्त नळाला पाणी आलं
की पहिल्या धारेत बोट धरतात,
चाखतात.
"गोडच आहे," म्हणतात,
जरा नाराजीनं.