भाषा : इतर

दोन वाजून एकेचाळीस.
हेडफोनचा डावा कान मी जरा सरकवून ठेवते,
पंखा ऐकू यावा म्हणून. रात्रपाळीत तेवढंच घर.

बाई बोलत होती. बोलत कसली, ओतत होती.
मराठीत विचारलं, मग हिंदीत : कहाँ से?
ती थांबली. एवढं तिला कळत होतं.
म्हणाली, नारायणपेट.

स्क्रीनवर टॉवर म्हाळुंगे दाखवत होता.
पण आम्हाला शिकवलंय, टॉवर चुकतो,
माणूस सांगेल ते लिहा.
मी माणसाचं लिहिलं.

क्या हुआ, तर म्हणाली
नीळ्ळु पोयिनय, नीळ्ळु, असं चारदा.
मी त्यातलं 'निळं' पकडलं.
अंग निळं पडलंय. साप? की औषध प्यायलंय कुणी?
टाकलं : विषबाधा, पुढे प्रश्नचिन्ह.
भाषेच्या रकान्यात तीन नावं, तळाला 'इतर'.
इतर दाबलं.
ते दाबलं की पुढे काहीच उघडत नाही.

नऊ मिनिटांत ढमढेरे गाडी घेऊन पेठेत.
"मॅडम, दोन चकरा झाल्या, मोदी गणपतीपाशी उभाय.
एक एटीएमचा वॉचमन आहे, तो धडधाकट आहे.
वरनं एक काका विचारतायत, किती वाजलेत कळतंय का."

मी नंबर परत लावला.
आता कुणीतरी पुरुष, मग नुसता श्वास,
आणि श्वासामागे धड धड धड धड
काँक्रीटचा पंप.
नारायण पेठेत रात्री तीनला
स्लॅब कोण टाकतं?

दुसरी गाडी बाणेरहून काढली.
तिथल्या डॉक्टरचा फोन आला तेव्हा साडेतीन उलटले होते.
सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर झालं होतं सगळं,
जिनं फोन केला त्या मणेम्मानंच केलं होतं.
डॉक्टर दोनच शब्द बोलला :
दोघी आहेत.
मी 'केस बंद' दाबलं
आणि पाणी प्यायले, खूप.

सहाच्या पाळीला श्रीलता कोंड्याल आली, सोलापूरची.
तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. चहाचा कप हातातच राहिला तिच्या.
नीळ्ळु म्हणजे पाणी गं.
पाणी गेलं, म्हणतेय ती.
आणि नारायणपेट?
ते तिचं गाव. तू 'कहाँ से' विचारलंस,
कुठली आहेस ते सांगितलं तिनं.
कुठे पडलीये, ते तू विचारलंच नाहीस.

माझ्या कपाटात एक आहे नारायणपेठी,
किरमिजी, लग्नातली.
सासूबाईंनी काठ दाखवून किंमत सांगितली होती, गाव नाही.
आख्खं गाव नेसून मी पाच मंगळागौरी जागवल्या,
आणि त्या गावानं हाक मारली
तेव्हा गाडी पाठवली लक्ष्मी रोडच्या मागे.

भीमेपलीकडे गेलं की तिची भाषा 'इतर' नसते.
एसटीच्या, म्हणजे तिथल्या जी काय असेल त्या बसच्या, पाट्या तिच्यात,
कोर्टाचं समन्स तिच्यात, पोरांचे पाढे तिच्यात.
म्हाळुंग्यापर्यंत येता येता
तिचं काय होतं, कुठल्या स्टेशनात ती उतरून जाते,
हे श्रीलतालाही सांगता येईना.
ती म्हणाली, मी पण मुलाखतीत
येणाऱ्या भाषा तीनच लिहिल्या होत्या.

आता मॉनिटरखाली एक चिठ्ठी चिकटवलीये तिनं,
अकरा शब्दांची, माझ्यासाठी.
नोप्पी, दुखणं. नेत्तुरु, रक्त.
ऊपिरि, श्वास. बिड्ड, लेकरू.
सुपरवायझर म्हणाले, टेबलावर कागद नकोत.
मग ती कीबोर्डखाली सरकवली.

परवा पुन्हा तसाच एक आवाज आला, म्हाताऱ्याचा.
मी कीबोर्ड उचलला, बोट ठेवलं, वाचलं :
एक्कड?
कुठे?

पलीकडे क्षणभर शांत झालं,
मग उत्तर आलं, मोकळं, भरभर,
लांबलचक, वळणं घेत, बहुधा खुणांसकट,
झाडं, पाट्या, कोपरे,
सगळं सांगत होता तो मला, विश्वासानं.

आणि मला नुसता प्रश्न येत होता.