हलकं फिरतंय

पहाटे पाचला खारी-बटरचे नऊ ट्रे मागं चढवून
किल्ली फिरवली, तर इंजिन फिरलं.
फिरलंच नुसतं.
विंव्व्, विंव्व्, विंव्व्
बॅटरी जोरात, दिवे लख्ख,
आणि गाडी मात्र
हाक मारल्यावर 'हां हां' म्हणून
कूस बदलणाऱ्या माणसासारखी.

खानापुरात बंद गाडीभोवती माणसं जमायला
वेळ लागत नाही.
पेपरवाला म्हणाला, पेट्रोलात पाणी.
कौलांच्या ट्रकवरचा क्लीनर म्हणाला, ढकला.
ढकलली. उतार संपेपर्यंत ढकलली.
शेजारच्या अंबूबाईंनी लिंबू आणलं,
तेही चाकाखाली ठेवून झालं.
नवरा असता तर, असं कुणीतरी अर्धंच म्हणालं.
नवरा होता तेव्हाही
गाडी मीच चालवत होते.

दस्तगीर आला लुनावरून,
मागं पान्यांची पिशवी धरून पोरगा, बसलिंग.
आल्याआल्या त्यानं माझी सीटच उचलली.
ओम्नीचं काळीज बसणाऱ्याच्या बुडाखाली असतं.
मी बाहेर उभी, खिडकीतून हात घालून किल्ली धरलेली.
बसलिंगनं प्लगची वायर काढून लोखंडाजवळ नेली
आणि ओरडला, 'होडी!'
इतकी वर्षं या गावात, तरी दर वेळी
आधी मलप्रभेतली होडीच दिसते,
मग कळतं, मार म्हणतोय.
सेल्फ मारला.
'साकु.'
ठिणगी नाही.

कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडली.
होडी. साकु.
बाटली कोरडी.
टाकी तर परवाच अर्धी भरलेली.
एकदम दोन-दोन बिघाड? मी म्हटलं.
दस्तगीरच्या तोंडात न पेटवलेली बिडी.
'एका रात्रीत दोन बिघाड होत नसतात, अक्का.
दोघांना जेवू घालणारा
तिसराच कोणतरी पडलाय.'

मग म्हणाला, परत मारा.
बघू नका, ऐका.
विंव्व्...
'दम लागंना झालाय तिला.
चांगलं इंजिन सेल्फवर कण्हतंय,
दर फेरीला हवा दाबाय लागते त्याला,
चढावर पोतं घेऊन निघाल्यागत. हूं. हूं.
हे बघा किती हलकं फिरायलंय.
एवढं हलकं फिरणं चांगलं नव्हे.'

ऑइलचं झाकण काढून बॅटरी धरली, होडी.
किल्ली अंबूबाईंच्या हातात देऊन मीही वाकले.
काळ्या तेलात रॉकर, गप्प.
खाली सगळं गरगरतंय
आणि वर कुणाला खबरच नाही.
वरच्या त्याच दांड्यावर पेट्रोलचा पंप,
त्याच्याच टोकाला ठिणगी वाटणारं डबडं,
आणि खालून वर निरोप नेणारा एकच पट्टा,
तुटलेला.

काल रात्री दारात येऊन
किल्ली फिरवायच्या आधीच गचका देऊन बंद झाली होती.
मी म्हटलं होतं, बरं, घरी तरी आली.

नवा पट्टा बेळगावहून साडेअकराच्या बसनं आला.
कंडक्टरनं तो गळ्यात घातला होता.
खुणा जुळवताना दस्तगीरनं कुणाला बोलू दिलं नाही,
वरचा ठिपका वर, खालचा बाणासमोर.
'एक दात इकडं-तिकडं झाला
की जन्मभर कुरकुर.'

होडी.
हूं. हूं. हूं.
खोकली, थरथरली, आणि झाली चालू.
बसलिंगला खारीचा पुडा दिला,
दस्तगीरनं तीनशे सांगितले, अडीचशे घेतले,
पट्ट्याचे वेगळे.
जुना पट्टा मी मागून घेतला. ट्रे बांधायला बरा.

जांबोटीच्या चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये,
बुडाखाली ती कण्हत होती.
कण्ह, म्हटलं, बाई.