मुखपृष्ठ नसलेला अंक

टोलीडोच्या लिलावात ऑर्विल काचमारेकचे
चौदा खोके गेले.
कॉमिक्स आता ॲक्रिलिकमध्ये सीलबंद,
वर दर्जाचा आकडा;
पुन्हा कुणी पान उलटायचं नाही.

तो म्हणायचा, भाव आला तो आयांमुळे.
घरोघरी त्यांनी गठ्ठे बांधून रद्दीत घातले,
म्हणून उरलेल्यांचं सोनं झालं.
त्याच्याही आईने घातले होते.
हे सांगताना तो हसायचा, पण थोडंसंच.

एक अंक दलालाने परत केला:
मुखपृष्ठ नाही, अकराव्या पानावर जॅमचा डाग,
कडेला पेन्सिलीने,
‘हा ऑर्विलचा. लेनर्ड, हात लावशील तर बघ.’

बसमध्ये वांडा बापाचा अंक उघडते.
मांडीवर पिवळट चुरा.
विमान कोसळतंय, धरणाला भेग पडलीय,
आणि शेवटचं पानच फाडलेलं.

लेनर्डकाकाही गेले.
आता विचारायचं कुणाला?